सहावी पायरी

मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शेजाऱ्याला शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की ती माझ्याकडे वळायची, हात जोडून मान जराशी झुकवायची आणि हसायची. मीही हात जोडायचे. आठ महिने हे असंच चाललं होतं. दर रविवारी सातची मराठी मिस्सा, डावीकडचा शेवटून तिसरा बाक, भिंतीच्या कडेला ती आणि तिच्या शेजारी मी. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना ती डोळे मिटते, प्रवचन लांबलं की रोझरीचे मणी बोटांत फिरवत बसते, हे सगळं मला माहीत झालं होतं. नाव तेवढं माहीत नव्हतं. तिलाही माझं माहीत नव्हतं.

मग माझं ऑपरेशन झालं. गर्भाशय काढावं लागलं. दवाखाना, ताप, टाके, आणि नंतर तिसऱ्या मजल्यावरून खाली न उतरण्याची डॉक्टरांची ताकीद. सलग नऊ रविवार मी चर्चला गेले नाही. दहाव्या रविवारी नवऱ्याचा हात धरून गेले, त्याच बाकावर बसले. शांतीच्या चिन्हाच्या वेळी ती वळली, हात जोडले, हसली. अगदी पूर्वीसारखीच. बाहेर पडताना मी धीर करून म्हटलं, "मी दोन महिने आले नव्हते." ती गोंधळली. म्हणाली, "अगो, मला वाटलं तुम्ही आठच्या इंग्लिश मिस्साला जायला लागलात."

घरी येऊन मी रडले. तिच्यावर राग नव्हता. माझ्या नसण्याची नोंद घेणारं तिथं कुणीच नव्हतं, हे पहिल्यांदा कळलं म्हणून रडू आलं.

माझं माहेर वसईच्या पश्चिमेकडच्या बागायती पट्ट्यातलं. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. आजी पहाटेच्या मिस्साला जायची ती लाल लुगड्यात, आणि परत आली की मोगऱ्याच्या कळ्या खुडायला बसायची, कारण टोपली घेऊन तिला गाडी पकडायची असे. देवळात तिची जागा ठरलेली. तिच्या मागे कोण, पुढे कोण, तेही ठरलेलं. लहानपणी मला वाटायचं, आजी मिस्सा चालू असताना डोकी मोजते. तसं मोजायची गरज तिला नव्हती. आपल्या तोंडातला एखादा दात पडला तर जीभ आपोआप तिथं जाते, तसं तिचं लक्ष रिकाम्या जागेकडे जायचं.

एका पावसाळ्यातली गोष्ट आठवते. शेजारच्या आळीतली एक एकटी म्हातारी सलग दोन दिवस दिसली नाही. मिस्सा सुटल्यावर पायऱ्यांवर, छत्र्या उघडता उघडता, चार बायकांचं बोलणं झालं. मिनिटभराचं असेल. एवढ्यात कोण जाणार, काय नेणार, दुपारी कुणी बसायचं, सगळं ठरलं. आजीने मला पेजेचा डबा देऊन पाठवलं. डब्याचं झाकण फडक्याने बांधलेलं होतं, तरी बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याच्या, कडेने चिखलातून जाताना पेज हिंदकळून माझ्या फ्रॉकवर सांडली. म्हातारी तापाने फणफणली होती. तिनं पेज घ्यायच्या आधी मला विचारलं, "आज बाकावर माझ्या जागी कोण बसलं?" मी म्हटलं, कोणीच नाही. ती पडल्या पडल्या हसली.

या आठवणीवर मी अनेक वर्षं जगले. पण गावाचं नुसतं कौतुक करून थांबले तर ते खोटं होईल. त्याच देवळात आमच्या शेजारघरी एक सून आली होती, दुसऱ्या समाजातली. वसईत ख्रिस्ती म्हणजे एकच एक जमात नव्हे. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, ज्याची त्याची बोली, ज्याची त्याची लुगडं नेसायची तऱ्हा, आणि एके काळी ज्याचे त्याचे सोयरिकीचे नियम. सून कॅथलिकच होती, बाप्तिस्मा त्याच पाण्याने झालेला, तरी कितीतरी वर्षं ती 'त्यांच्यातली' राहिली. बाकावर तिला जागा मिळायची, पण बोलणं मिळायचं नाही. ती बोलायला लागली की बायका तिच्या उच्चारांकडे बघून एकमेकींकडे बघत. माझी आजी, जी रिकामी जागा ओळखायची, तिलाही या भरलेल्या जागेवरचं माणूस दिसलं नाही. आजीवर माझा फार जीव होता. म्हणून हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायला हवं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच हे आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा द्यायची, आणि मळक्या कपड्यांतला आला की त्याला उभं करायचं किंवा पायाशी बसवायचं, हे तुम्ही करता ना, असं तो सरळ विचारतो. पहिल्या शतकातल्या माणसांना लिहिलेलं पत्र, आणि भांडण बसायच्या जागेवरून! मिस्सात हा उतारा वाचला जातो तेव्हा मला आमच्या देवळातला तो बाक दिसतो.

वसईला आपल्या एका मुलाची आठवण मोठ्या अभिमानाने आहे. संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला आणि त्याच्या सोबत्यांना क्रुसावर मारलं, १८६२ साली तो संत म्हणून घोषित झाला. गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. प्रवचनांत त्याच्या हौतात्म्याबद्दल खूप ऐकलंय. मला मात्र त्याच्या आयुष्याचा आधीचा भाग जास्त जवळचा वाटतो. तो जेझुइट या धर्मसंघाच्या फादरांबरोबर जपानला गेला, धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं राबला, तिथली भाषा शिकला, पण त्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग तो व्यापारात पडला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाने त्याला ब्रदर म्हणून घेतलं, आणि ते जपानला निघाले तेव्हा दुभाषा म्हणून हाच वसईचा गडी त्यांच्याबरोबर गेला. म्हणजे ज्याला एका दारातून आत घेतलं नाही, त्याच्याच तोंडून दुसऱ्यांना बोलायला शब्द मिळाले. आपल्या धर्मप्रांताच्या, म्हणजे आपल्या बिशपांच्या मुलखाच्या, मातीतली ही गोष्ट. दर वर्षी त्याच्या सणाला आपण वाजंत्री लावतो, तेव्हा कुणाला दाराबाहेर ठेवलंय याचाही हिशेब व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

लग्नानंतर मी स्टेशनच्या पूर्वेला आले. इमारतींचा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चचा परिसर आणि त्यातली माणसं. मंगळूरकडचे, गोव्याचे, केरळचे, तामिळनाडूचे, मुंबईत घर परवडेना म्हणून पुढे पुढे सरकत आलेले, आणि माझ्यासारखे चार मैलांवरून आलेले. सगळे कॅथलिक, आणि सगळे एकमेकांना परके. रविवारी तीन-चार मिस्सा होतात. सातला मराठी, आठला इंग्रजी, कधी कोंकणी, कधी तमिळ. एका मिस्साची माणसं बाहेर पडतात तेव्हा दुसऱ्या मिस्साची आत शिरतात, फाटकात रिक्षांची गर्दी होते, आणि त्या गर्दीलाच आम्ही समाज समजत होतो. कोण आलं नाही हे कुणाला कळणार? फादरांकडे कुटुंबांची कार्डं आहेत, पण कार्डाला चेहरा नसतो. दोन-तीन फादरांनी हजारो माणसांची डोकी लक्षात ठेवावीत ही अपेक्षाच चुकीची आहे.

चर्चच्या कायद्याच्या पुस्तकातला एक बदल मला फार मोलाचा वाटतो. १९१७च्या संहितेत धर्मग्राम म्हणजे मुख्यतः आखून दिलेला प्रदेश होता, बिशपांच्या मुलखाचा एक तुकडा. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९८३ साली नवी संहिता आली. तिच्या ५१५व्या कलमात धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय असं म्हटलंय. हद्द अजून आहेच, पण आधी माणसं. कागदावर हे होऊन चाळीस वर्षं झाली. इमारतीच्या जिन्यावर ते यायला वेळ लागतो.

आमच्या जिन्यावर ते आलं एका बाईच्या वहीतून. ऑपरेशननंतर चार-पाच महिन्यांनी बेल वाजली. दारात पन्नाशीची एक बाई, खांद्याला कापडी पिशवी, हातात लांबुळकी, हिशेबाची असते तशी वही. म्हणाली, "मी आपल्या समूहाची अ‍ॅनिमेटर, समूह चालवते. तुमच्या दारावर क्रूस दिसला म्हणून आले. बुधवारी रात्री आठला डी विंगमध्ये बसतो आम्ही. येशील का?" 'तुमच्या'वरून एका दमात 'येशील'वर आली ती, आणि त्या एकेरीने मला एवढं बरं वाटलं की मी विचार न करता हो म्हटलं.

हे छोटे समूह काही आमच्या वॉर्डाने शोधून काढलेले नाहीत. मुंबई धर्मप्रांतात ऐंशीच्या दशकापासून बिशप बॉस्को पेन्हा यांनी ते रुजवले. वसई तेव्हा मुंबईतच होती, २२ मे १९९८ला वेगळा धर्मप्रांत झाला. पंधरा-वीस घरांनी एकत्र यायचं, घरातच, आणि शुभवर्तमान वाचायचं. वाचायची पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची, सात पायऱ्यांची. पहिली, प्रभूला बोलवायचं. दुसरी, उतारा वाचायचा. तिसरी, मनाला भिडलेला शब्द मोठ्याने म्हणायचा. चौथी, गप्प बसायचं. पाचवी, आपल्या मनात काय आलं ते सांगायचं. सहावी, यावर आता आपण मिळून काय करायचं ते ठरवायचं. सातवी, प्रार्थना.

डी विंगच्या त्या हॉलमध्ये बाराएक माणसं होती. दारात चपलांचा ढीग, स्टुलावर बायबल, स्टीलच्या ताटलीत मेणबत्ती, पंखा बंद कारण ज्योत विझते. सगळे घामाघूम. पाच पायऱ्या छान झाल्या. मग घरच्या बाई चहा टाकायला उठल्या आणि बाकीचे 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हणायला लागले. वहीवाली बाई म्हणाली, "थांबा. सहावी राहिली."

पुढे इतर समूहांत जायचा योग आला तेव्हा कळलं, सहावी पायरी बहुतेक ठिकाणी राहते. वाचायला, गायला, शेअर करायलाही आपल्याला आवडतं. पण 'आता काय करायचं' म्हटलं की उद्याची लोकल, मुलांची परीक्षा, गुडघे, सगळं आठवतं. आमच्या बाईने ती कधी सोडली नाही. तिचा प्रश्नही नेहमी एकच, "या आठवड्यात कोण दिसलं नाही?"

त्या पहिल्या बुधवारीच कुणीतरी म्हणालं, ए विंगचे तमिळ अंकल दोन आठवडे दिसले नाहीत. बायको वारलेली, मुलगा आखातात. त्यांची भाषा कुणाला येत नव्हती, त्यांना मराठी जेमतेम. आम्ही तिघी गेलो. पाय मुरगळून सुजला होता, बाथरूमपर्यंत भिंत धरून जात होते. डब्याची पाळी लागली, डॉक्टर झाले, कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, नेणारे ब्रदर रविवारी घरी येऊ लागले. इथपर्यंत सेवा झाली आणि तिचंही समाधान होतं. पण अंकल आमच्यासमोर अवघडून बसायचे, दर वेळी थँक्यू म्हणायचे. पाय बरा झाल्यावर वहीवाल्या बाईने त्यांना सांगितलं, "अंकल, सातच्या मिस्साला दारात उभं राहून गीतांच्या पुस्तिका वाटायला माणूस नाही. तुम्ही वाटा." त्या दिवसापासून त्यांचं थँक्यू बंद झालं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते पावणेसातला दारात. प्रत्येकाच्या हातात पुस्तिका देताना 'वणक्कम' म्हणतात, आणि आमच्या मराठी मिस्साची अर्धी पोरं आता उलट 'वणक्कम' म्हणतात.

त्यांच्याकडून मी जे शिकले ते मला कुठल्या शिबिरात मिळालं नव्हतं. नुसतं घेणारा माणूस पाहुणाच राहतो. पाहुण्याला सरबत मिळतं, किल्ली मिळत नाही. धर्मग्रामाला माझी गरज आहे हे कळलं की मग तो माझा होतो. स्वागत समिती, गळ्यात रिबिनीचे बिल्ले, 'वेलकम'चा फलक, हे सगळं आम्हीही करून पाहिलं. वाईट काही नाही त्यात. पण दारात गुलाब दिलेला माणूस पुढच्या रविवारी परत येतोच असं नाही. ज्याला पुढच्या रविवारचं वाचन दिलंय तो येतो, आणि घरी आरशासमोर चार वेळा वाचून येतो.

पैशाचंही हेच आहे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असं ५३७वं कलम सांगतं. आमच्याकडे वर्षाचा जमाखर्च फलकावर लागायला लागला, तेव्हा पहिल्यांदा सणाच्या रोषणाईच्या आकड्यावरून मोठी वादावादी झाली. मला आनंदच झाला. माणसं आपल्या घरातल्या खर्चावरूनच भांडतात.

भाषेवरून झालेलं भांडण मात्र जास्त दुखरं होतं. सणाच्या दिवशी सगळ्यांची मिळून एकच मिस्सा करायची असं फादरांनी ठरवलं. कोणत्या भाषेत? इंग्रजीवाले म्हणाले, सगळ्यांना समजते ती. मराठीवाले, त्यांत मी होते, म्हणालो, ही माती कुणाची? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिस्सा लोकांच्या भाषेत आणली ती याचसाठी ना? बैठकीत आवाज चढले. मी जे बोलले त्यातलं एक वाक्य मला आजही टोचतं. 'आधी आलेले आम्ही' असं काहीतरी होतं ते. बोलून झाल्यावर माझं लक्ष समोर बसलेल्या अंकलकडे गेलं. त्यांना माझं मराठी बहुधा पूर्ण कळलं नसेल, पण सूर कळला होता. मला आमच्या शेजारघरची सून आठवली. शेवटी मिस्सा मराठी-इंग्रजीत झाली, पहिलं वाचन कोंकणीत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना पाच भाषांत. तमिळ प्रार्थना अंकलनी म्हटली. एक अक्षर समजलं नाही, तरी 'प्रभो, आमची प्रार्थना ऐक' सगळ्यांनी म्हटलं.

वहीचं खरं मोल कळलं ते जुलै २०१८मध्ये. वसई-नालासोपारा पाण्याखाली गेलं, गाड्या बंद, वीज गेलेली, मोबाइल एकेक करून मेले. त्या वहीत लिहिलेलं होतं, तळमजल्यावर कोण, कुणाकडे तान्हं बाळ, कुणाला इन्सुलिन लागतं, कोण एकटं. मेणबत्तीच्या उजेडात तिने पानं वाचली आणि आम्ही कंबरभर पाण्यातून वाटण्या करून निघालो. वहीत फक्त कॅथलिक घरं होती. पाण्याला ते माहीत नव्हतं. चर्चच्या हॉलमध्ये त्या रात्री मागच्या चाळीतली बिहारी कुटुंबं, कोपऱ्यावरचा चिकनवाला, त्याची आई, सगळे सतरंज्यांवर झोपले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे चिकनवाल्याच्या आईने आमच्या सिस्टरांना नमाजासाठी पश्चिम कोणती विचारलं आणि सिस्टरांनी वेदीकडे पाठ करून नीट दिशा दाखवली. मी हॉलच्या दाराशी डाळीचं पातेलं घेऊन उभी होते. तेवढ्या सुंदर पहाटेची मला दुसरी आठवण नाही.

तरी एक गोष्ट राहून गेली, आणि ती भरून येणार नाही. आमच्या मिस्साला एक आई आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन येत असे. मुलगा स्वमग्न. अर्पणाच्या शांततेत अचानक मोठ्याने ओरडायचा, टाळ्या वाजवायचा. माना वळायच्या. कुणी काही बोललं नाही, नुसत्या माना वळल्या. माझीही वळली. ती आधी पुढे बसायची, मग मधे, मग दाराजवळ, मग बाहेर ग्रोटोपाशी, मरियामातेच्या गुहेपाशी, उभी राहायला लागली. आणि मग यायची थांबली. बुधवारी सहाव्या पायरीला तिचं नाव निघालं तेव्हा दीड महिना होऊन गेला होता. आम्ही गेलो तर कुलूप. वॉचमन म्हणाला, खोली सोडली, कुठे गेले माहीत नाही. तिच्या हळूहळू मागे सरकण्याचे सगळे टप्पे आमच्या डोळ्यांसमोर घडले होते. बाकावरून बाकावर ती मागे जात होती आणि आम्हाला वाटत होतं, तिला तिथं सोयीचं पडत असेल.

आता सातच्या मिस्साला उजवीकडचे पहिले दोन बाक अशा मुलांच्या घरांसाठी असतात. फादरांनी प्रवचनात सांगितलंय की ओरडणंही प्रार्थनेत धरायचं. तीन कुटुंबं येतात. त्यांतली एक मुलगी अर्पणाच्या मिरवणुकीत द्राक्षारसाची सुरई घेऊन चालते, आई एक बोट सुरईला लावून बरोबर. ती वेदीपर्यंत पोचेस्तोवर अख्खं चर्च श्वास धरून असतं. मी दर वेळी दाराकडे बघते. तो मुलगा आता मोठा झाला असेल.

वहीवाली बाई गेल्या वर्षी मुलीकडे पुण्याला राहायला गेली. वही माझ्याकडे आली. मनगटावर भाजल्याचा डाग असलेली माझी बाकावरची शेजारीण आता माझ्याबरोबर घरोघर फिरते. तिचं नाव मला माहीत आहे, ते कसं भाजलं तेही माहीत आहे.

परवा बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. दारावर क्रूस बघून आम्ही दोघी गेलो. घरात खोकी अजून बांधलेलीच होती. नवरा कामावर, कोवळ्या वयाची बायको एकटी, जळगावकडची. भांबावली होती. काही लागलं तर सांग म्हटलं, तर "नाही, नाही, काही नको" म्हणून दारातच उभी. मी वहीत नाव लिहून घेतलं. मग शेजारणीने विचारलं, "तुला काय येतं गं?"

ती जरा थांबली. "गाते मी," म्हणाली. "आमच्या मिशनमध्ये गायचे."

"मग शनिवारी संध्याकाळी सहाला ये," शेजारीण म्हणाली, "तालीम असते. आम्हाला वरचा सूर लावणारं कोणी नाही."

तिनं दार पूर्ण उघडलं, आणि बसायला एक खोकं पुढे सरकवलं.